चिखलदऱ्याची कॉफी आणि सोहनी, मारवा, पुरिया : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

वाचनालयाच्या श्रवण मंडळाचा यंदाच्या हिवाळ्यातला उपक्रम आज पक्का झाला. वेगवेगळ्या ठिकाणची कॉफी चाखायची, प्रत्येकीला जोडीचं संगीत शोधायचं आणि फेब्रुवारीत गावासमोर एक संध्याकाळ मांडायची. जोडी का जमली हे ज्याला विचारलं त्याला सांगता आलं पाहिजे, एवढी अट मी घातली आहे.

उपक्रमाचं कारण डोंगरावर आहे. परतवाड्याहून घाट चढायच्या आधीचं आमचं गाव. वर, सुमारे ११०० मीटरवर, चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. अख्ख्या विदर्भात कॉफी पिकते ती तिथेच. आणि पायथ्याला आमच्या गावात कॉफी म्हणजे लग्नाच्या मांडवातली, वाफेच्या नळीनं फेस आणलेली, दूध-साखरेची 'एस्प्रेसो'. ती थंडीत फार छान लागते. पण तिच्यात बियांची चव ओळखू येत नाही, आणि आपल्या डोंगरावरच्या पिकाची चव आपल्याच जिभेला माहीत नसावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चवीबद्दल बोलायला कॉफीच्या धंद्यातल्या लोकांकडे तयार शब्द आहेत. अमेरिकेतल्या स्पेशॅलिटी कॉफी संघटनेनं १९९५ मध्ये चवींचं एक चक्र बनवलं, २०१६ मध्ये ते नव्यानं केलं. त्यात ब्लूबेरी आहे, रास्पबेरी आहे, मेपल सिरप आहे. यातलं काहीच आमच्याकडे कुणी खाल्लेलं नाही. कान मात्र सगळ्यांचे तयार आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आमच्याच जिल्ह्यात. खंजिरीवरची भजनं ऐकत पोरं मोठी होतात. लग्नसराईत बँड, दिवाळीनंतर गुराख्यांच्या बासऱ्या. ज्याला खंजिरी अर्धी मात्रा मागे पडलेली कळते, त्याला कॉफीतला आंबटपणा कधी येतो आणि कधी जातो हेही कळेल. विचारायची भाषा त्याची हवी. या भरवशावर काम सुरू करते आहे.

१७ नोव्हेंबर

कॉफ्या जमल्या.

बाबाबुडनगिरीची धुतलेली अरेबिका (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती). म्हणजे फळाचा गर काढून, बी आंबवून, धुऊन वाळवलेली. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून कर्नाटकातल्या या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. दुसरी आंध्रातल्या अराकू खोऱ्याची, तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांची. ही अख्ख्या फळासकट उन्हात वाळवलेली. या दोन्ही भागांच्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिसरी मान्सून्ड मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजातून युरोपला जाता जाता दमट हवेनं बिया फुगायच्या, पिवळट पडायच्या, त्यांचा आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. पुढे जहाजं वेगानं जाऊ लागली आणि बिया फुगेनात, तेव्हा किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर पसरून हेच काम मुद्दाम होऊ लागलं. चौथी वायनाडची रोबस्टा, जिच्यात कॅफिन अरेबिकाच्या साधारण दुप्पट असतं. आणि पाचवी आपली, चिखलदऱ्याची, मागच्या हंगामातली वाळवलेली, कच्ची.

माणसंही ठरली. भजनी मंडळाचे पेटीवाले काकाजी. परतवाड्याच्या बँडात उभी हयात क्लॅरोनेट वाजवलेले चाचा. मोहफुलं आणि तेंदूपानं वेचायला जंगलात जाणाऱ्या कोरकू मावशी. अमरावतीला अन्नतंत्रज्ञान शिकणारी माझी पुतणी, शाळेतले दोघं-तिघं शिक्षक, आणि मी. मी गाणं शिकले आहे, त्यामुळे तानपुरा आणि आवाज माझ्याकडे.

२४ नोव्हेंबर

पहिली चाखणी. रीत व्यावसायिक परीक्षकांचीच घेतली: १५० मिली पाण्याला सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड, पाणी ९३ अंशांच्या आसपास, चार मिनिटं हात लावायचा नाही. मग वर आलेला जाड थर चमच्यानं मोडायचा आणि नाक पार पेल्यात घालायचं. पेल्यांना खडूनं खुणा केल्या होत्या. कुठल्या पेल्यात काय आहे ते फक्त पुतणीला ठाऊक.

चमच्यानं सुर्रकन ओढून प्यायला सगळे आधी लाजले. पुतणीनं नाक धरून एक घोट घ्यायला लावला, मग नाक सोडायला सांगितलं. नाक धरलं असताना फक्त कडू आणि आंबट. नाक सोडताच वास घशामागून वर जातो आणि कॉफी एकदम उलगडते. यानंतर कुणी लाजलं नाही. इतक्या मोठ्यानं ओढायला लागले की बाहेर ओट्यावर बसलेली माणसं आत डोकावली.

पहिले शब्द, जसे आले तसे:

बाबाबुडनला "कच्चं बोर", आणि मागून संत्र्याच्या सालीचा फवारा डोळ्याजवळ उडतो तेव्हाचा वास. अराकूचा पेला मावशींनी नाकाशी नेला आणि तिथेच थांबल्या. "मॅडम, ओल्या मोहाचा वास येते याले." सगळ्यांनी पुन्हा हुंगलं. खरंच मोह होता: फुलं वेचून अंगणात पसरली की पहिल्या दिवशी संध्याकाळी येतो तो गोड, किंचित आंबूस वास. फळासकट वाळताना गराचा अंश बियांत उतरतो, तो हाच. मलबारला "जुनी कणगी". रोबस्टाला "करपलेली भाकर" आणि भाजलेली जवस. चिखलदऱ्याच्या पेल्यावर एकमत झालं नाही. कवठ म्हणाले, काळा गूळ म्हणाले, कुणी हिरव्या संत्र्याचं साल म्हणालं.

पाण्याची एक गोष्ट लिहून ठेवते, कारण पुढे कुणी हे करून पाहील तर उपयोगी पडेल. एका शिक्षकांचं गाव दर्यापूरकडे, खारपाण पट्ट्यात. त्यांनी घरचं बोअरचं पाणी कॅनमध्ये आणलं होतं. तीच बाबाबुडन त्या पाण्यात केली तर बोर गायब, संत्रं गायब, नुसतं तपकिरी पाणी. पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतात. ज्या कॉफीचा जीव आंबटपणात आहे तिला असं पाणी चालत नाही. मलबारला मात्र फारसा फरक पडला नाही. यापुढे सगळ्या बैठकांना घाटाच्या वरच्या विहिरीचं पाणी.

१ डिसेंबर

आज संगीत नाही. वीज दुपारभर नव्हती. खलबत्त्यात कुटलेली आणि मिक्सरमधली पूड शेजारी ठेवून पाहिली. खलबत्त्याची असमान पडते, बारीक भुकटीमुळे कडवटपणा वाढतो. चहाच्या गाळणीतून भुकटी चाळून काढली तर सुधारते. हातानं फिरवायची छोटी चक्की मागवली आहे.

८ डिसेंबर

आजची बैठक फार चांगली झाली.

सगळ्या वाद्यांवर एकच ओळ वाजवून घेतली होती: सा रे ग प, ग रे सा. चाल तीच, लय तीच. पेटी काकाजींची, क्लॅरोनेट चाचांची, चाचांच्याच बँडमधला युफोनियम (खालच्या सुरांचं पितळी वाद्य), गुराख्याची बासरी. संतूर मात्र अमरावतीच्या एका वादकाकडून फोनवर रेकॉर्ड करून आणलं. एकेक पेला द्यायचा, पाचही ऐकवायची, आणि जे शोभेल त्यावर बोट ठेवायचं. बोलायचं नाही.

बाबाबुडनला जवळजवळ सगळ्यांचं बोट संतूरवर. रोबस्टाला युफोनियम, कुणीही रेंगाळलं नाही. अराकूला बासरी. मलबारला पेटीचा खर्ज की युफोनियम यावर दोन तट पडले.

ऑक्सफर्ड विद्यापीठात चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास हेच विचारलं होतं. तिकडच्या लोकांनी आंबट आणि गोड चवींना उंच सूर दिले, कडू चवीला खालचे सूर आणि पितळी वाद्यं. आमच्या मंडळात ते संशोधन कुणी वाचलेलं नव्हतं, मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. तरी बोटं तिथेच गेली. मला याचा आनंद झाला. चवीचा कान फक्त शहरात असतो असं कुणी म्हणू नये.

यावर मी थोडा जास्त विचार केला. उंच-खालचा सूर ही अर्धीच गोष्ट वाटते. संतूरच्या तारेवर कलम, म्हणजे वाजवायची लाकडी काडी, पडली की आवाज टोकदार सुरू होतो आणि लगेच विरत जातो. बाबाबुडनचा आंबटपणा तसाच वागतो: जिभेच्या कडांना लागतो आणि गिळेपर्यंत ओसरतो. बासरीचा आवाज फुंक चालू तोवर टिकतो, अराकूचा मोहही तसा घोट संपल्यावर टाळूला राहतो. म्हणजे माणसं चवीचं येणं, राहणं आणि जाणं ऐकत होती. जोडी लावताना चव कितीवेळ टिकते हे आधी पाहायचं, असं वहीत ठळक लिहून ठेवलं.

चाचांनी शेवटी एक करून दाखवलं. क्लॅरोनेटवर तीच ओळ आधी खालच्या पट्टीत वाजवली, मग अंगठ्याची चावी दाबून वर गेले. बासरी जोरात फुंकली की त्याच बोटांवर वरचा सा लागतो. क्लॅरोनेट सा ओलांडून त्याच्याही वरच्या पंचमावर जाते. ती तिच्या तोंडाशी बंद असलेल्या सरळ नळीची खोड. वर गेली तशी वाद्याची जातच बदलल्यासारखी वाटली. खालच्या पट्टीला मंडळानं मलबार दिली होती, वरच्या पट्टीला एकानं चिखलदरा दिली, दुसऱ्यानं बाबाबुडन. चाचा म्हणाले, "बेटा, नीचे लकडी बोलती है, ऊपर हवा." मलबारचा पेला उचलून म्हणाले, "इसमें लकडी है." त्यात लाकूड आहेच. मलबारच्या चवीचं इतकं नेमकं वर्णन मी वाचलेलंही नाही.

१५ डिसेंबर

आज वाद्य एकच ठेवलं, पेटी, आणि राग बदलले. भूप, दुर्गा, भैरव, मालकंस. पेले तेच.

जमलं नाही. भैरव लागला की काकाजींना काकड आरती आठवते, मग कुठलीही कॉफी सकाळचीच होते. मालकंसला शिक्षकांनी 'गंभीर' म्हणून रोबस्टा दिली, मावशींनी 'शांत' म्हणून अराकू. भाव विचारला की प्रत्येकजण आपल्या आठवणीत शिरतो आणि पेला बाजूला राहतो. कॉफी आनंदी आहे की उदास, असं विचारून हाती काही लागत नाही असं माझं मत झालं आहे. आंबट कॉफी उत्साही आणि कडू कॉफी दुःखी, ही जोडणी सोपी म्हणूनच सगळीकडे दिसते.

भरताच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, रस समजावताना जेवणाचंच उदाहरण आहे: नाना व्यंजनांनी सिद्ध झालेलं अन्न चाखणारा जसा त्यातले रस आस्वादतो, तसा प्रेक्षक भाव आस्वादतो. रात्री ते पान पुन्हा काढून वाचलं. तिथे भर आहे तो अनेक गोष्टींच्या संयोगावर. एका पेल्यात एकच भाव शोधणं म्हणजे त्या संयोगाकडे पाठ फिरवणं. पुढच्या वेळी एकच कॉफी घ्यायची आणि तिच्या आतच फरक करायचे.

२२ डिसेंबर

चिखलदऱ्याची बी भाजली. तीन घाणे, तीन भाजण्या, लोखंडी कढई, चुलीवर काटक्यांची सारखी आच, हात थांबवायचा नाही.

तापमापक कढईत भरवशाचा नाही, म्हणून कानानं भाजलं. आधी बी पिवळी होते, ओल्या गवताचा वास जाऊन भाजलेल्या धान्याचा येतो. मग साधारण १९६ अंशांपाशी पहिली तडतड: मोकळी, ठसठशीत, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. ती ओसरते. थोडी शांतता. आणि आणखी तापलं की दुसरी तडतड, बारीक आणि घाईची, सोबत निळसर धूर. पहिला घाणा पहिली तडतड संपताच सुपात ओतला. दुसरा मधल्या शांततेत उतरवला. तिसरा दुसऱ्या तडतडीच्या तोंडाशी. सुपातून पाखडून फोलपट उडवलं, पंख्याखाली गार केलं. डब्यांची झाकणं सैल ठेवली आहेत, कारण भाजलेली बी काही दिवस वायू सोडत राहते.

भाजताना आत काय होतं ते पुतणीनं नीट समजावलं. बियांतली क्लोरोजेनिक आम्लं मोडतात. त्यांपासून आधी लॅक्टोन नावाची संयुगं बनतात, त्यांचा कडूपणा सौम्य. आणखी भाजलं की फिनाइलइंडेन, त्यांचा कडूपणा रेंगाळणारा आणि खरखरीत. कॅफिनला आपण उगाच सगळा दोष देतो, कडूपणात त्याचा वाटा थोडाच.

५ जानेवारी २०२५

ही नोंद लांबणार आहे.

मारवा, पुरिया आणि सोहनी या तीन रागांचे स्वर एकच आहेत. सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, ध, नी. पंचम तिन्हींत वर्ज्य. तरी ऐकणारा त्यांची गल्लत करत नाही, कारण राहायची जागा निराळी आहे. मारव्याचा मुक्काम कोमल रिषभ (रे) आणि धैवतावर (ध). पुरिया गंधार-निषादावर (ग, नी) बसतो आणि मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात उतरून राहतो. सोहनी तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या साकडे, झेपावते, खाली फारशी टिकत नाही. बी एकच आणि भाजण्या तीन, स्वर तेच आणि राग तीन: ही जुळणी मला कढईसमोरच सुचली होती, पण मंडळाला काहीही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "तीन पेले आहेत आणि मी तीनदा गाणार आहे. कुठलं कशाचं ते तुम्ही सांगा."

तानपुऱ्याला पंचमाऐवजी निषाद लावला. संध्याकाळ होती. मारव्याची ती वेळ, पुरियाही सूर्यास्तानंतरचा. सोहनीची रात्र संपत आलेली असते, पण चाखणीसाठी ती सवलत घेतली.

सोहनीला सगळ्यांनी लगेच हलक्या भाजणीचा पेला उचलला. त्या पेल्यात हिरव्या संत्र्याचा आंबटपणा वर तरंगतो, खाली फारसं वजन नसतं. पुरियाला काळी भाजणी, हेही वाद न होता. मंद्र निषादावर मी थांबले तेव्हा मावशींनी पेला हातात घट्ट धरला आणि घोट न घेताच मान हलवली. गर्द भाजणीत आंबटपणा उरलेला नसतो. गुळाची काकवी, धूर आणि घशात टिकणारा कडूपणा. सगळं खालच्या अंगाला.

मधली भाजणी मारव्याला उरली, पण उरली म्हणून देऊ नका, असं मी सांगितलं. पुन्हा चाखली, पुन्हा गायले. आणि इथे काकाजी बोलले ते शब्दशः लिहिते: "बाई, या कॉफीले सा सापडत नाई. आंबटात जाते, तिथं बसत नाई. कडूत जाते, तिथंई बसत नाई. येतो येतो म्हन्ते अन् वळून जाते."

मारवा गाताना नेमकं हेच करायचं असतं. षड्ज टाळत राहायचं. कोमल रिषभावरून सा एका पावलावर दिसतो आणि गाणारा निषादाकडे निघून जातो. ऐकणाऱ्याच्या जिवाला हुरहूर लागते ती त्या लांबवलेल्या साची. मधल्या भाजणीत आंबटपणा मावळत असतो आणि कडूपणा अजून स्थिरावलेला नसतो, चव दोन्हीकडे ओढ घेत राहते. काकाजींनी मारव्याचं शास्त्र कुणाकडे शिकलेलं नाही. त्यांनी जिभेवरून राग सांगितला.

पंडित वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० चा, आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. मारवा म्हटला की त्यांचं नाव निघतंच. रात्री मंडळाला त्यांचा मारवा ऐकवला, मधल्या भाजणीची दुसरी किटली करून. त्यांच्या गळ्यात तो राग शांतपणे भटकत नाही. झेप घेतो, आदळतो, परत येतो. दुसऱ्या किटलीत मी पूड थोडी वाढवली होती, ते बरंच झालं.

पेले गार होत गेले तसं आणखी एक दिसलं. मधली भाजणी कोमट झाल्यावर तिच्यातला आंबटपणा पुन्हा वर आला आणि सोबत गोडी आली. एका शिक्षकांनी विचारलं, मग आता ही सोहनी झाली का? मला नाही वाटत. राग बदलला नाही, उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, गेला. पण काकाजी आणि ते शिक्षक यावर अजून भांडताहेत, आणि प्रश्न खरा आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळानंतर कुठलीच कॉफी नीट चाखता येत नाही, गोडावर सगळ्याच आंबट-कडू लागतात. चाखणीच्या दिवशी आधी गोड नको, पानही नको.

१९ जानेवारी

संगीतानं चव बदलते का, हे आज तपासलं. ऑक्सफर्डच्याच गटानं २०१२ मध्ये एका टॉफीवर हा प्रयोग प्रसिद्ध केला आहे: तीच टॉफी, खालच्या सुरांच्या संगीतासोबत ती लोकांना अधिक कडू वाटली, उंच सुरांसोबत अधिक गोड.

एकाच किटलीतली मधली भाजणी दोनदा वाढली. एकदा संतूर लावून, मग युफोनियम लावून. आजच्या बैठकीला शाळेतले नवे लोक बोलावले होते, त्यांना किटली एकच आहे हे माहीत नव्हतं. बहुतेकांनी दुसरी कॉफी 'जास्त भाजलेली' सांगितली. किटली दाखवल्यावरही एक बाई ऐकेनात. त्यांना पुन्हा त्याच क्रमानं चाखायचं होतं, आणि पुन्हा तसंच वाटलं.

माझं म्हणणं असं की संगीत पेल्यातलं काही बदलत नाही, पेल्यात कुठे पाहायचं ते दाखवतं. आंबटही तिथे होतं, कडूही होतं. संतूरनं एकाकडे बोट केलं, युफोनियमनं दुसऱ्याकडे. म्हणून जोडी लावणं ही जबाबदारीची गोष्ट आहे. वाईट जोडीनं चांगल्या कॉफीची एक बाजू झाकली जाईल. चिखलदऱ्याच्या कॉफीला मला असं संगीत हवं जे तिचं काही झाकणार नाही, आणि मारव्यावर माझा विश्वास त्यामुळे वाढला आहे: तो दोन्हीकडे जातो.

२ फेब्रुवारी

मलबारचा वाद मिटला. सुरबहारवरचा (सतारीसारखं, पण खर्जातलं वाद्य) दरबारी कानडा ऐकवला, नुसता आलाप. खर्जात चालणारा, आंदोलित गंधाराचा. मलबारचा घोट जाड, आंबटपणा नाही, घाई नाही. पेटीवाले आणि युफोनियमवाले दोन्ही तट गप्प झाले. चाचांनी एवढंच विचारलं की हे वाद्य कुठे मिळतं.

रोबस्टा बँडकडेच राहिली. कार्यक्रमाच्या संध्याकाळी चाचा आणि त्यांचे युफोनियमवाले साथीदार प्रत्यक्ष वाजवतील. रोबस्टा मात्र दुधात देणार, कारण तिचा ठसका दुधातूनही वर येतो आणि गावाला दुधाची कॉफी ओळखीची आहे.

अराकूची जोडी अडली. मी बासरी धरून चालले होते, मावशींना ती पुरत नाही. त्यांचं म्हणणं, मोहाच्या वासाला बासरी ठीक, पण मोह टपकायला लागतो तेव्हा होळी असते, आणि तेव्हा ढोल असतो, बाया गातात. मग ते गाणं म्हणाल का, असं विचारलं. म्हणाल्या, "फगव्याचं गानं फगव्यात. आत्ता कसं म्हनू?" पुतणी म्हणाली, काकू, फोनवर रेकॉर्ड करून ठेवू. मावशी त्यालाही तयार नाहीत, आणि मला त्यांचं पटतं. मारव्याला संध्याकाळ लागते हे मी मानते, तर त्यांच्या गाण्याचा हंगामही मानला पाहिजे. सोहनीला घेतली तशी सवलत इथे मागणार नाही.

१६ फेब्रुवारी

गावासमोरची ठरलेली संध्याकाळ झाली. वाचनालयाची खोली पुरली नाही, सतरंज्या ओट्यावर आणि पुढे रस्त्यापर्यंत गेल्या.

क्रम असा ठेवला: बाबाबुडन आणि संतूर, मलबार आणि दरबारी, मग दूध घातलेली रोबस्टा आणि बँड, आणि मध्ये साधं पाणी पिऊन पंधरा मिनिटं थांबून चिखलदऱ्याच्या तीन भाजण्या. सोहनी, मारवा, पुरिया मी गायले, पेटीवर काकाजी. पेटीवर मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही, म्हणून मारव्यात त्यांनी फक्त सुरावट धरून ठेवली, रिषभाला हात लावला नाही. हे त्यांनी आपणहून केलं.

रोबस्टाला लोकांनी दोनदा पेले मागितले. मारव्याला मागच्या बाजूच्या पोरांची चुळबुळ सुरू झाली, पण म्हातारी माणसं पेला गार होईपर्यंत बसून राहिली आणि एका आजोबांनी विचारलं, ही आपल्या चिखलदऱ्याचीच ना? वर कुठल्या बाजूला लावतात? त्यांनी पन्नासेक वर्षं त्या घाटानं ये-जा केली आहे. त्यांना पुढच्या रविवारी घेऊन जाते आहे. फुलं मार्च-एप्रिलमध्ये येतील, आत्ता पानंच दिसतील, तरी चालेल म्हणाले.

पुढचं काम: होळी १३ मार्चला आहे. मावशींनी आम्हाला त्यांच्या गावी बोलावलं आहे, आणि अराकू तिथेच प्यायची ठरली. बी ७ तारखेला भाजायची, हलकीच, पहिली तडतड संपताच उतरवायची. चक्की आणि घाटावरचं पाणी सोबत न्यायचं. फोन, रेकॉर्डर काही नाही. ढोल कितीवेळ चालेल ते सांगता येत नाही असं मावशी म्हणाल्या, त्यामुळे किटली मोठी.